नकाशावरचे सेलमवाले आप्पा

सेलमवाल्या आप्पांना ‘बरं आहे का?’ असं विचारलं, तर ते तब्येत सांगत नाहीत, आकडा सांगतात. "कालच्यापरास चाळीस कमी. फिनलंडात लय गळती हाय गड्या." ऐकणारा नवखा असेल तर त्याला वाटतं, आप्पांची फिनलंडात द्राक्षबाग आहे.

या पापाचा धनी मी. आप्पा माझे विट्यातले समोरचे शेजारी. सेलमला त्यांचं गलाईचं दुकान, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करायचा धंदा. काकी गेल्यावर दुकान पोरांवर सोपवून ते चाळीस वर्षांनी गावी परतले आणि माझ्या ओट्यावर बसू लागले. माझी नोकरी घरून चालते, आणि आप्पा ओट्यावर असले की ती चालत नाही. त्यांना गुंतवायला मी एक जुना कॉम्प्युटर दिला आणि तो एका आभासी नाण्याच्या जाळ्याला जोडून दिला. या नाण्याचा व्यवहार जगभरच्या लोकांचे कॉम्प्युटर मिळून सांभाळतात. जाळ्याला कुणी एक मालक नाही, त्यामुळे हे कॉम्प्युटर किती आणि कुठकुठे, हे नेमकं कुणालाच ठाऊक नसतं.

"मग मोजायचं कसं?" आप्पांनी विचारलं आणि माझी दुपार गेली.

मी सांगितलं, की एका कॉम्प्युटरला विचारायचं, तुझ्या ओळखीचे कोण कोण? तो यादी देतो. मग यादीतल्या प्रत्येकाला तेच विचारायचं.

"ह्यात नवीन काय हाय?" आप्पा म्हणाले. "परमुलखात आमी हेच करायचो. एक विट्याकडचा गलाईवाला गाठायचा, तो धा जणांचं पत्तं द्यायचा."

काही कॉम्प्युटर यादीत असतात, पण बाहेरच्याला उत्तर देत नाहीत. तज्ज्ञ लोक त्यांच्यापुढे हात टेकतात. आप्पांनी टेकले नाहीत. "कडी आतनं हाय म्हंजे माणूस आत हाय. एकानं दार उघडलं, तर चार कडी लावून बसल्यात असं धर." हे चार कुठून आले, ते विचारायची सोय नव्हती.

त्या नाण्यातलं एकही आप्पांकडे नाही. "जे गाळून बघता येत न्हाई, त्येला मी हात लावत न्हाई," म्हणतात. त्यांना फक्त आज किती कॉम्प्युटर चालू आहेत, ते मोजायचं असतं. कराडला त्यांच्या एका भाचीसाठी जर्मनीतलं स्थळ आलं, तेव्हा सगळे पत्रिका बघत होते आणि आप्पा मोबाईलवर या कॉम्प्युटरांचा जगाचा नकाशा. "त्या गावात मशिनी रातंदिस चालू हायती. लाईट जात न्हाई. द्या पोरगी." लग्न झालं, आणि ते आपल्यामुळेच झालं असं आप्पा आजही सांगतात.

सगळं सुरळीत चाललं होतं. मग एक दिवस त्यांना नकाशावर स्वतःचा ठिपका दिसला. मुंबईत.

मी समजावलं, की इंटरनेट कंपनीचं ऑफिस मुंबईत, म्हणून नकाशा तसं धरतो. आप्पा ओट्यावरून उठले. "कंपनी कुठं का असंना, मी बसलोय कुठं? सेलमात लोकं म्हणायची विट्याचा. विट्यात म्हणत्यात सेलमवाला. आता ही मशीन म्हणती ममईचा. माझं गाव कंचं, ते सांगंल का न्हाई कुनी?"

एरवी मी हसलो असतो. त्या दिवशी हसू आलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी नकाशावाल्यांना अर्ज केला. सोबत आधार कार्ड, रेशन कार्ड आणि तलाठ्याचा रहिवासी दाखला. परदेशातल्या त्या माणसांना तलाठी म्हणजे काय हे कळावं, म्हणून मला इंग्रजीत एक परिच्छेद लिहावा लागला. त्यांना काय कळलं देव जाणे, पण काही आठवड्यांनी ठिपका विट्यात आला. आप्पांनी गल्लीत पेढे वाटले. कशाचे, ते कुणालाच समजलं नाही, खाल्ले सगळ्यांनी.

संध्याकाळी मी गेलो, तर ते पडद्यासमोर बसलेले.

"अख्ख्या विट्यात एकच दिसतोय की रं."

"इथं दुसरं कोण चालवतंय, आप्पा?"

"व्हय, ते बी खरं." त्यांनी चष्मा काढून पुसला. "आमची ही असती तर तिला दाखवलं असतं. आता कुनाला दाखवू?" चष्मा परत लावून म्हणाले, "तुज्या घरात एक लाव की."

गावी परतल्यापासून या माणसानं माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. मला स्वतःची लाज वाटली. त्यांना गुंतवायला कॉम्प्युटर दिला, पण त्यांच्याजवळ जाऊन बसलो नव्हतो. मी माझा जुना लॅपटॉप जोडला, त्याचाही अर्ज धाडला आणि जागा दुरुस्त होऊन आल्यावर आप्पांकडे गेलो.

नकाशावर ठिपका एकच. नकाशा गावापर्यंतच जातो, गल्लीपर्यंत नाही. माझा ठिपका नेमका त्यांच्या ठिपक्यावर बसला होता. मी चुकचुकलो.

आप्पांनी पडद्याजवळ वाकून ठिपका पाहिला. मग शेजारची खुर्ची माझ्याकडे सरकवून म्हणाले, "आसूं दे. लोकास्नी एक दिसंल. आपुन दोघं हाय, आपल्याला ठावं हाय न्हवं? बस."