बिनआवाजाची शर्यत

गावभराचे वाजणारे बूट गप्प करणाऱ्या माणसाचे स्वतःचेच बूट वाजावेत, आणि तेही बिनआवाजाच्या शर्यतीत, यालाच दिव्याखाली अंधार म्हणतात.

ऑटिझमवरच्या संशोधनासाठी निधी जमवायला पाच किलोमीटरची शर्यत ठरली होती. ती बिनआवाजाची असावी, ही कल्पना बूटवाल्याचीच. त्याच्या नऊ वर्षांच्या लेकीला, चिमणीला, ऑटिझम होता. अचानक शिट्टी वाजली किंवा टाळ्या कडाडल्या की ती कान झाकून घर गाठायची. त्यामुळे आजवर ती कुठल्याच मैदानावर आली नव्हती. "शिट्टी नाही, टाळ्या नाहीत, नुसते हात हलवायचे," असं त्याने पीटीच्या सरांना पटवलं आणि चिमणीला शब्द दिला, "एकही आवाज होणार नाही. तू शेवटच्या रेषेवर थांब, मी येतो."

सर नियमांचे पक्के. म्हणाले, "मग बूटही वाजता कामा नयेत. ते तुमच्याकडे लागलं."

झालं! सरांचे धरून साठ जोड दुकानात येऊन पडले. आतला तळ उचलायचा, कुरकुर थांबवणारी पावडर भुरभुरायची, तळ पुन्हा बसवायचा. साठावा जोड संपला आणि पावडरचा डबाही संपला. राहिले ते त्याचे स्वतःचे, खास शर्यतीसाठी शिवलेले बूट. दुकानात चालून पाहताना ते जरा कुरकुरले होते, पण नवा बूट थोडं बोलणारच, असं म्हणून त्याने ते तसेच चढवले.

झेंडा खाली आला. सगळे मांजराच्या पावलांनी निघाले आणि मागून एकच जोड गाऊ लागला. चुर्र, चुर्र, चुर्र.

साऱ्या माना वळल्या. सायकलवरून सोबत येणाऱ्या सरांनी ओठांवर बोट ठेवलं. बूटवाला टाचांवर धावला, तर चुर्रचं चर्र झालं. चवड्यांवर धावला, तर पोटरीत गोळा आला. पाण्याच्या टेबलापाशी त्याने बुटांत ग्लासभर पाणी ओतून पाहिलं, तर जोडीला पचपचही आलं. ते ऐकून सरांनी दुसऱ्या हाताचं बोटही ओठांवर नेलं आणि सायकल थेट झुडपात गेली. सर मात्र हूं की चूं न करता पडले.

बूटवाल्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बापाचाच शब्द खोटा ठरला तर पोर पुन्हा कधी घराबाहेर पडायची नाही. त्याने बूट काढून हातात घेतले आणि 'आई गं' ओठांतच गिळत तो खडीवरून अनवाणी धावत सुटला.

शेवटच्या रेषेवर चिमणी आत्याशेजारी उभी होती, कानांवर जाड हेडफोन लावून. बाप दोन पावलांवर आला, तशी तिने एका कानावरचा हेडफोन सरकवून त्याच्या पायांकडे पाहिलं.

"बूट?"

"वाजतात गं ते," तो कुजबुजला.

"माहितीये. दुकानात वाजत होते. सारखे वाजतात, मधेच दचकवत नाहीत. मला आवडतात."

"असं होय!" म्हणत तो तिथेच बूट चढवू लागला.

"इथून नाही. काढले कुठे?"

"पाण्याच्या टेबलापाशी. एक किलोमीटर मागे आहे बाळा ते!"

"मग तिथून."

आत्याने हसू दाबलं. "जा दादा. तिच्यापुढे कुणाचं काही चाललंय का आजवर?"

गेला बिचारा. बाकीच्यांचं धावून झालं, पाणी पिऊन झालं, तरी घरी कुणी गेलं नाही. शेवटी माणूस दिसायच्या आधीच वळणापलीकडून ऐकू आलं. चुर्र-पच, चुर्र-पच. चिमणीने हेडफोन काढून आत्याच्या हातात दिला. भर मैदानात, शे-दोनशे माणसांत, पोर उघड्या कानांनी उभी राहिली आणि एकेक चुर्र मोठ्याने मोजू लागली. बूटवाल्याने रेषा ओलांडली तेव्हा तो सगळ्यांत शेवटचा होता, आणि त्याच्याइतका जिंकलेला माणूस त्या मैदानावर दुसरा नव्हता. शेकडो हात हवेत हलत होते. त्याचे डोळे भरून आले आणि त्याने ते खुशाल वाहू दिले.

"एकशे बारा," चिमणी म्हणाली. "आणि पच नवीन आहे. राहू दे."

कपड्यांत काटे अडकलेले सर जवळ आले. त्यांच्यामागे आणखी चार-पाच जण बूट हातात घेऊन उभे होते. सर हळूच म्हणाले, "अहो, आमच्या बुटांतली ती पावडर काढून द्याल का?"

बूटवाला तोंड उघडणार, तोच चिमणीने दुकानाच्या पाटीवरचं उत्तर दिलं, "सोमवारी. दहानंतर. रांगेत."