दस्ती पडली की जागा आपली

इकडं या, जवळ बसा. असं फोनमध्ये डोकं घालून ऐकतात होय कुणाचं? आणि जे परदेशात राहून दर दिवाळीला 'पुढच्या वर्षी नक्की परत येतो' म्हणतात, त्या पोरांना तर मला आधी रागावायचंय. अरे, परत यायचं ठरलं की तुम्ही फ्रीज कुठला घ्यायचा ते बघता, गाडीचा रंग ठरवता, आणि पोरांच्या शाळेचं तुम्हाला विमानातून उतरल्यावर आठवतं. माझ्या लेकानं हेच केलं. अप्पा नसते तर माझी नातवंडं आज लातुरात नसती.

अप्पा म्हणजे शिवलिंगअप्पा. आमच्या समोरच्या घरात राहतात. उदगीरच्या मोंढ्यात त्यांचं धान्याचं दुकान होतं. ते पुतण्यावर सोपवून लातुरात आले, बायको गेली, आता एकटे असतात. कपाळाला भस्माचे पट्टे, पांढरं धोतर, आणि सदऱ्याचे दोन्ही खिसे फुगलेले. खिशात पैसे नसतात हो, दस्त्या असतात. तुम्ही ज्याला रुमाल म्हणता त्याला आमच्या मराठवाड्यात दस्ती म्हणतात. अप्पा जिथं जातील तिथं आधी दस्ती टाकून जागा धरतात, मग बाकीचं बोलतात.

"दस्ती पडली की जागा आपली," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. शरणार्थ म्हणून नमस्कार झाला की दुसरं वाक्य हेच.

एकदा आम्ही गल्लीतल्या बायका औश्याला लग्नाला निघालो होतो. बस अजून फलाटाला लागायची होती आणि अप्पा तिच्या कडेकडेनं धोतर सावरत पळत होते. खिडकीतून एकेक दस्ती आत जात होती. त्यातली एक झोपलेल्या हवालदाराच्या तोंडावर पडली. तो दचकून उठला. अप्पा खालूनच त्याला म्हणाले, "साहेब, तुमची न्हाई, शेजारची धरलीय. झोपा तुम्ही."

त्याच लग्नात पंगतीला नवरीच्या बापालाच जागा मिळाली नाही. जिथं बघावं तिथं अप्पांची दस्ती. बिचारा शेवटी आचाऱ्यांबरोबर जेवला.

माझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हाचं सांगते. मी दवाखान्यात पोचायच्या आधी खिडकीजवळच्या खाटेवर दस्ती होती. नर्सबाई चिडल्या. अप्पा त्यांना समजावून सांगायला लागले की आमच्या वैनीला उजेडाची आवड आहे. नर्सबाई म्हणाल्या, अहो, त्यांच्या डोळ्याला पट्टी असणार. तर अप्पा म्हणाले, "आणि पट्टी निघाल्यावर?" पट्टी निघाली तेव्हा मला पहिल्यांदा दिसलं ते खिडकीबाहेरचं लिंबाचं झाड. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं.

एक गोष्ट मात्र आम्हाला कुणाला उलगडली नव्हती. अप्पांच्या ओट्यावर दोन खुर्च्या. एकीवर अप्पा बसणार, दुसरीवर निळ्या काठाची एक दस्ती पसरलेली. तिच्यावर कुणाला बसू देत नसत. दूधवाला उभा, पोस्टमन उभा, मतं मागायला आलेला नगरसेवकसुद्धा उभा. कुणासाठी धरलीय विचारलं की म्हणायचे, "येणार हाय एकजण." गल्लीत त्यावरून लई चेष्टा चालायची. कुणी म्हणायचं मंत्री येणार, कुणी म्हणायचं अप्पा दुसरं लग्न करणार. अप्पाही हसायचे, पण दस्ती काही हलायची नाही.

तर आता माझ्या लेकाचं. उमेश जर्मनीत होता. मेच्या शेवटी सून प्राची आणि दोन्ही पोरं घेऊन आला. शर्वरी नऊ वर्षांची, मल्हार सहाचा. घर कसं भरून गेलं! एरवी दिवसातून तीनदा चहा करणारी मी, दहादा करत होते. पण तिसऱ्याच दिवशी उमेशनं जेवताना हळूच सांगितलं, की तिथली नोकरी अजून सोडलेली नाही, लांब सुट्टी टाकलीय. आणि प्राचीनं सरळच सांगितलं. शाळा उघडायच्या आत दोघांना एका शाळेत प्रवेश मिळाला तर राहायचं, नाहीतर परत जायचं. पोरांचं वर्ष वाया घालवायचं नाही.

चूक नव्हती तिची. माहेर तिचं नांदेडला, तिलाही इथंच राहायचं होतं. पण आई होती ना. मी वरवर हो म्हणाले आणि स्वयंपाकघरात जाऊन उगीच पुसलेलेच डबे पुसत बसले.

दुसऱ्या दिवसापासून धावपळ. लातूरची शाळा म्हणजे काय सांगायचं तुम्हाला! इथं बाहेरगावची माणसं खोल्या घेऊन पोरं शिकवतात. सगळीकडं एकच उत्तर, प्रवेश संपले. एका मोठ्या इंग्रजी शाळेत मात्र 'फॉरेन रिटर्न' म्हणल्यावर लगेच आत बोलावलं, गार पाणी दिलं. मॅडमनी शर्वरीला हसून इंग्रजीत काहीतरी विचारलं. परत विचारलं. तशी शर्वरी माझ्याकडं वळली आणि चांगल्या खणखणीत आवाजात म्हणाली, "आज्जी, काय म्हणायली ही?"

अहो, पोरं जर्मन शाळेत शिकलेली! जर्मन बोलतात, आणि रोज माझ्याशी फोनवर बोलून बोलून आमची लातूरची मराठी बोलतात. इंग्रजी त्यांना माझ्याइतकंच येतं. फॉरेनची पोरं आणि इंग्रजी येत नाही, हे काही मॅडमच्या पचनी पडेना. पाणी दिलेले पेले उचलले आणि आम्हालाही उठवलं.

घरी आलो तर अप्पा आमच्या फाटकातच. मी सगळं सांगितलं. एरवी मधे मधे बोलणारा माणूस, पण त्या दिवशी सगळं ऐकून घेतलं. मग एवढंच विचारलं, "जागा न्हाई मिळाली तर परत जातील म्हणता?" मी मान हलवली. अप्पांनी दोन्ही खिसे चाचपले आणि म्हणाले, "फिकीर करू नका वैनी. आजपासून मी हाय."

मग काय विचारता! सकाळी उठून अप्पा शाळांच्या फाटकांवर. चपराशी, रिक्षावाले, पुस्तकांचे दुकानदार, कुणाला सोडलं नाही. संध्याकाळी येऊन पोरांना बरोबर घेऊन बसायचे. मल्हारला गोळी दिली की तो 'डांके' म्हणायचा, म्हणजे त्यांच्यात आभार. अप्पा मला म्हणाले, "वैनी, पोरगं गुणाचं हाय, पण गोळी दिली की दणके म्हणतंय. कुणी मारत होतं का तिकडं?" शर्वरीला तर त्यांनी चालत्या बसमध्ये दस्ती कशी फेकायची ते शिकवलं. दस्तीला एका टोकाला गाठ मारायची म्हणे, म्हणजे उडत नाही. आमच्या फाटकाच्या गजांमधून दोघांचा सराव चालायचा. प्राची कपाळाला हात लावायची, पण हसायची. बऱ्याच दिवसांनी हसायची.

एका दुपारी अप्पा धावतपळत आले. गंजगोलाईच्या पलीकडं एक जुनी मराठी शाळा आहे, तिथं पहिलीत जागा होती, चौथी मात्र भरलेली. रिक्षावाल्याकडून अप्पांना कळलं होतं, की चौथीतल्या एका मुलीच्या वडिलांची नांदेडला बदली झालीय. ती जाणार. एवढं सांगेपर्यंतसुद्धा त्यांना दम नव्हता. शाळेत उजळणीचे जादा वर्ग चालू होते. अप्पा आपल्या ओट्यावर गेले, परत आले आणि तसेच रिक्षात बसून गेले. मला वाटलं चौकशीला गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेतून उमेशला फोन, अप्पांनी त्याचा नंबर तिथं देऊन ठेवलेला. हेडबाई विचारत होत्या, शिवलिंगअप्पा तुमचे कोण? ताबडतोब या.

आम्ही सगळेच गेलो, अप्पांना घेऊन. तिथं वेगळाच गोंधळ. अप्पांनी आदल्या दिवशी सरळ चौथीच्या वर्गात जाऊन त्या मुलीच्या बाकावर दस्ती टाकली होती. ती मुलगी अजून बाकावर बसलेली! तिनं घरी जाऊन रडत सांगितलं, की एका आजोबांनी माझी जागा घेतली. तिला घेऊन तिची आई तिथं येऊन बसली होती. म्हणत होती, आमचा दाखला अजून निघाला नाही आणि तुम्ही जागा देऊनसुद्धा टाकली? अप्पांनी त्या मुलीपुढंच हात जोडले. "पोरी, तुझी जागा घेतली न्हाई. तू उठल्यावर दुसरं कुणी बसू नये म्हणून टाकली."

ती बाई पदर तोंडाला लावून हसायलाच लागली. तिथं अजून एक गृहस्थ होते, हार्डवेअरचं दुकान असलेले, त्याच जागेसाठी आपल्या पोराला घेऊन आलेले. ते म्हणाले, हे काय, दस्ती टाकून प्रवेश मिळतो का कुठं?

हेडबाई कडक. चष्म्यावरून बघायच्या. त्यांनी शर्वरीला जवळ बोलावलं आणि मराठीत विचारलं, की जर्मनीहून येऊन आता दिवसभर काय करतेस? शर्वरी म्हणाली, "अप्पाआजोबांसंगं जागा धरायला शिकायले."

बाई हसल्या नाहीत. म्हणजे हसू आलं होतं, पण दाबलं. मग त्या हार्डवेअरवाल्यांना म्हणाल्या, "आमच्याकडं जो आधी येईल त्याचा प्रवेश आधी. हे काल आले, तुम्ही आज आलात. आणि साहेब, मी रोज औश्याहून बसनं येते. दस्ती पडलेल्या जागेवर आजवर बसले नाही. ह्या वयात पाप कशाला करू?"

गृहस्थ निलंग्याचे निघाले. तेही याच बसगाड्यांत वाढलेले. हळूच विचारलं त्यांनी, दुसऱ्या तुकडीत काही होईल का. बाई म्हणाल्या, बघू. आणि बघितलंही, त्यांच्या पोराचं काम पुढं झालं, त्यामुळं माझ्याही मनाला रुखरुख राहिली नाही.

जर्मनीचे कागद कुणाला वाचता येईनात, तेव्हा वयावरून वर्ग ठरला. शर्वरी चौथीत, मल्हार पहिलीत. उमेशनं शाळेच्या व्हरांड्यातूनच तिकडच्या साहेबाला फोन लावला. जर्मनमध्ये काय बोलला ते मला कळलं नाही, पण शेवटी 'डांके' म्हणाला ते ऐकलं. अप्पा माझ्या कानाशी आले, "ह्यानं बी दणके दिले वाटतं साहेबाला." मी रडत होते का हसत होते, माझं मलाच कळत नव्हतं.

निघताना हेडबाईंनी घडी घातलेली दस्ती माझ्या हातात ठेवली. मी बघितली आणि तिथंच थबकले. निळ्या काठाची होती.

घरी येऊन समोर बघितलं. ओट्यावरची दुसरी खुर्ची उघडी पडली होती. आदल्या दिवशीपासून उघडी असणार, मी माझ्या काळजीत बघितलंच नव्हतं.

दस्ती धुतली, इस्त्री केली आणि संध्याकाळी पोरांना घेऊन परत द्यायला गेले. मी विचारलं, खिशात इतक्या असताना हीच का टाकली हो अप्पा? अप्पा बराच वेळ तिचा काठ चाचपत राहिले. ती दस्ती पारूवैनींनी, त्यांच्या बायकोनं, घेतलेली होती. त्यांचा मुलगा मन्मथ कॅनडाला गेला, त्या दिवशी त्याच्या खुर्चीवर त्याच माउलीनं ती टाकून ठेवली होती, दोन वर्षांत येतो म्हणाला होता म्हणून. आता त्याची पोरं कॉलेजला जायला आली.

"तिच्या हातची दस्ती हाय, वैनी," अप्पा म्हणाले. "माझ्या दस्तीवर एखादा बसला असता. हिच्यावर आजवर कुणी बसलं न्हाई. मोठ्या कामाला हीच पाहिजे होती." मग म्हणाले, "आमची गाडी काय आली न्हाई. तुमची आली, तुम्ही चढा."

तेवढ्यात मल्हार, पोरच ते, रिकाम्या खुर्चीवर चढून बसला. मी ओरडणार, तर अप्पांनी हातानंच अडवलं. मल्हारनं विचारलं, "आजोबा, ही कुणाची जागा हाय?"

"धरलेली होती," अप्पा म्हणाले. "बस तू. मागं टेकून बस."

दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकी उघडून बघते, तर ओट्यावर तिसरी खुर्ची. नवीकोरी, प्लास्टिकची. तिच्यावर निळ्या काठाची दस्ती, एका टोकाला गाठ मारलेली.

आता रोज शाळा सुटली की दोन्ही पोरं दप्तरं घेऊन आधी अप्पांच्या ओट्यावर जातात. खुर्ची एक, पोरं दोन, म्हणून भांडतात. पण तिसऱ्या खुर्चीवर बसत नाहीत. त्यांना न सांगता कळलंय.

तर बाबांनो, हे सगळं मी एवढ्यासाठी सांगितलं. तुमच्यातला कुणी कॅनडात असेल, मन्मथ भेटत असेल, तर त्याला हे ऐकवा. आणि तुम्हीही या. आठ दिवसांसाठी या, चार दिवसांसाठी या, मी धपाटे करते, दही लावते. पण लवकर या. ओट्यावर दुपारचं ऊन थेट येतं, आणि दस्तीचा निळा काठ पांढरा पडत चाललाय.