वैजूताईंचा खर्ज

एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, वैजूताई उभ्या असल्या की त्यांच्याभोवती आपोआप जागा होते. दांडा धरून त्या समोर बघत असतात आणि खाली पाय चालू असतात. डावी टाच, उजवा चवडा, पुन्हा टाच. एकदा एका मुलीने काळजीने विचारलं, "आंटी, यू ओके?" ताई म्हणाल्या, "येस, येस. ओन्ली प्रॅक्टिस."

वैजूताई आमच्या हार्बरफ्रंटच्या शिपिंग ऑफिसात क्लेम्स बघतात आणि सेरंगूनला एकट्याच राहतात. नाशिकच्या मिशन शाळेत त्या ऑर्गन शिकल्या. आता दर रविवारी घराजवळच्या छोट्या चर्चमध्ये वाजवतात. "घरच्या गणपतीला फूल वाहून निघते. त्याची तक्रार नाही," असं त्यांचं म्हणणं.

त्यांची आवडती रचना अठराव्या शतकातली, जर्मन. हॉकर सेंटरमध्ये जेवताना टेबलावर बोटं आपटत त्यांनी मला ती समजावली. "भजनाआधी पेटीवाला चाल ऐकवतो ना? तेच हे. फक्त हे रचणाऱ्या माणसाला घाई नव्हती. उजवा हात साधी चाल मुरक्या घेत लांबवतो, डावा मधले दोन आवाज सांभाळतो आणि पाय खालच्या पट्ट्यांवर खर्ज धरतात. मुरकी गाळली तर पाप लागतं."

आमच्या कॉन्डोतल्या गणपतीत त्यांनी कीबोर्डवर आरतीलाही हाच न्याय लावला. टाळ्यांसाठी उचललेले हात दुखायला लागले. माझी मुलगी म्हणाली, "आंटी, स्टार्ट लाह."

"सुरू झालीय बाळा. मधल्या आवाजात आहे, नीट ऐक."

मागच्या महिन्यात चर्चच्या कमिटीने सांगितलं, सुरुवातीचं वादन फार लांबतं. आटोपतं घ्या, नाहीतर आम्ही रेकॉर्डिंग लावू. ताई आता भांडणार, या खात्रीने मी त्या रविवारी मुद्दाम गेलो आणि ऑर्गनजवळ बसलो.

ताईंनी एकही मुरकी घेतली नाही. चाल शाळेतल्या प्रार्थनेसारखी सरळ वाजवली, तीही भरभर. शेवटच्या खर्जावर मात्र पाय ठेवला आणि तो उचलेचनात. वर हात सावकाश हिंडत राहिले. नजर ऑर्गनवरच्या, मागच्या रांगा दाखवणाऱ्या छोट्या आरशात होती.

मी मागे वळून पाहिलं. सगळे गायला उभे राहिले होते. तिसऱ्या रांगेत एक चिनी आजी वॉकरला धरून उठत होत्या. अर्ध्यात बसल्या, पुन्हा उठल्या. पुस्तक उघडलं, चष्मा नीट केला. मग ताईंनी पाय उचलला आणि गाणं सुरू झालं.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "त्या आजी ओळखीच्या?"

"नाव नाही माहीत," ताई म्हणाल्या. "त्यांना पहिली ओळ आवडते. बसून म्हणत नाहीत."

"आणि मुरक्या?"

"त्या घरी वाजवीन," असं म्हणून त्या बसस्टॉपकडे चालू लागल्या.