मोहितेकाकांच्या पांढऱ्या कन्या

बडोद्याच्या कारेलीबागेतल्या व आसपासच्या समस्त सज्जनांना जड अंतःकरणाने कळविण्यात येते, की आमचे शेजारी श्री. गोविंदराव मोहिते यांनी तुम्हाला पांढऱ्या बटण गुलाबाची कुंडी भेट दिली, तर ती कुंडी समजू नये. ते स्थळ आहे. तुम्ही ते पसंत केलेलं आहे आणि यापुढे मोहितेकाका तुमचे व्याही आहेत.

गंमत करत नाही. मी स्वतः त्यांचा व्याही आहे.

एका सकाळी काका दोन पायांच्या मध्ये कुंडी धरून स्कूटरवरून आमच्या फाटकाशी उतरले. कुंडीत वीतभर झुडूप, गोल, गच्च पानांचं, त्यावर रुपयाएवढी पांढरीशुभ्र फुलं. काका म्हणाले, "मुलगी सांभाळा. सकाळचं ऊन, दुपारची सावली. बशीत पाणी साचू द्यायचं नाही. कोमेजलेलं फूल झाडावर ठेवायचं नाही."

मी खोडकरपणे विचारलं, "आणि रुखवत?"

काकांनी अत्यंत गंभीरपणे स्कूटरची डिकी उघडली. शेणखताची पिशवी, निंबोळी पेंडेची पुडी आणि एक छोटी कात्री माझ्या हातात ठेवली. "हे घ्या रुखवत. मानपान पुढच्या रविवारी बघू."

पुढच्या रविवारी ते आले. त्याच्या पुढच्याही आले. बेल वाजवायची नाही, नमस्कार नाही, सरळ गॅलरीत. मातीत बोट खुपसायचं, बाहेर काढून अंगठ्याशी चोळायचं. मग चष्मा नाकावर ओढून पानं उलटी करून बघायची, कारण बडोद्याच्या उन्हाळ्यात पानांच्या पाठीला लाल कोळी नावाची कीड लागते. आमची ही म्हणायची, "काका, चहा?" काका म्हणायचे, "आधी मुलीला पाणी."

हयगय दिसली, की मुलगी माहेरी जायची. काकांच्या अंगणात हिरव्या जाळीखाली दोन-चार अशा सासुरवाशिणी कायम असत. काका रोज त्यांची तोंडं धूत, म्हणजे पानांच्या पाठीवर पाण्याचा फवारा मारत. बरी होऊन ती परत यायची तेव्हा तिची ओटी भरलेली असायची. मूठभर शेणखत!

काका रेल्वेतून निवृत्त झाले, त्याला बरीच वर्षं झाली. त्यांचे आजोबा संस्थानच्या काळात बडोद्याला नोकरीला आले, त्यामुळे त्यांच्या मराठीत गुजराती अशी मिसळून गेली आहे, की कुठे शिवण आहे तेही दिसत नाही. त्यांचं आवडतं वाक्य होतं, "चालणार नाही, एटले चालणार नाही!" एटले म्हणजे 'म्हणजे'. वाक्यात नवीन माहिती काही नसायची, पण समोरचा गप्प बसायचा. लाल गुलाब का नाही? चालणार नाही, एटले चालणार नाही. जमिनीत लावला तर? चालणार नाही, एटले. गुलाब आटोपशीरच हवा. "गुडघ्याच्या वर गेला की त्याला शिंगं फुटतात!" म्हणून शेंडा दिसला की खुड, फांदी लांबली की छाट. आणि युरियाचं नाव काढलं, तर काका कानांवर हात ठेवायचे. "युरियाने झाडाचा उंट होतो!"

युरियावरच्या या रागाला आणखी एक कारण होतं, आणि ते अख्ख्या सोसायटीला ठाऊक होतं. काकांची एकुलती एक मुलगी, खरीखुरी, हाडामांसाची मीनल. तिने करजणच्या पंकज पटेलशी लग्न ठरवलं. पंकजचं बी-बियाणं आणि खातरचं दुकान. गुजरातीत खताला खातर म्हणतात. मुलगा चांगला, घर चांगलं, पण मुलीने आधी ठरवलं आणि मग सांगितलं. काका म्हणाले, "चालणार नाही, एटले चालणार नाही." मीनल त्यांचीच मुलगी, तिने चालवून दाखवलं. तेव्हा काका म्हणाले, "मग मी तुझ्या दारात पाऊल टाकणार नाही." ते वाक्य तोंडातून गेलं ते गेलंच, आणि काका त्यावर पहाऱ्याला बसले.

काकू दर महिन्याला बसने करजणला जात. काका त्यांना डेपोवर सोडत आणि बस वळणाआड जाईपर्यंत स्कूटरला टेकून उभे राहत. परतल्यावर काकूंना एकच प्रश्न, "बस वेळेवर होती?" काकू उत्तर द्यायच्या, "होती. मीनल बरी आहे."

हे सगळं असंच चाललं असतं, पण लहरीपुऱ्याच्या बाजारात घोटाळा झाला.

तिथे बिपिनभाईंचं साड्यांचं दुकान आहे. काकांनी त्यांनाही एक कन्या दिली होती. मी त्या दिवशी स्कूटरवर मागे बसून गेलो होतो, म्हणून पुढचं मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. दुकानाच्या पायरीवर, भर दुपारच्या उन्हात कुंडी. माती तडकलेली, वर कोणीतरी उरलेला चहा ओतलेला. काकांचे कान लाल झाले. बायकांनी भरलेल्या दुकानात ते शिरले आणि खणखणीत गुजरातीत गरजले,

"बिपिनभाई! अमारी दीकरीने आखो दिवस तडकामां ऊभी राखो छो? पाणीये नथी आपता? हुं एने आजे घेर लई जईश!"

आमची मुलगी दिवसभर उन्हात उभी, तिला पाणीसुद्धा नाही, मी तिला आज घरी नेणार! दुकानातली घासाघीस थांबली. उलगडलेली साडी गुमास्त्याच्या हातात तशीच राहिली. एक बाई म्हणाली, "शरम नथी आवती?" दुसरी म्हणाली, "पोलीसने बोलावो!"

आता योग असा, की बिपिनभाईंच्या मुलाचा साखरपुडा नुकताच झाला होता, आणि मुलीचे वडील त्याच वेळी गादीवर बसून थंड पेय पीत होते. त्यांनी ग्लास खाली ठेवला.

"बिपिनभाई," ते हळूच म्हणाले, "तमारे त्यां पहेलां पण एक वहु हती?"

आधी एक सून होती आणि आम्हाला सांगितलं नाही! बिपिनभाईंना घाम फुटला. ते अनवाणी पायरीकडे धावले, कुंडी उचलली, व्याह्यांच्या नाकासमोर धरली आणि ओरडले, "आ रही वहु! आ!"

पुढची पाच मिनिटं लहरीपुऱ्यात धंदा झाला नाही. लोक हसून हसून गाद्यांवर लोळले. होणारे व्याहीही हसले. हसली नाही ती फक्त कोपऱ्यातली एक म्हातारी बा, जी मघापासून काकांच्या बाजूने सगळ्यात जास्त चिडली होती. फसवलं गेल्याच्या रागात ती काकांना म्हणाली, "झाड माटे आटलुं? ने साची दीकरी छे तमारे? एने त्यां छेल्ले क्यारे गया'ता?"

झाडासाठी एवढं, मग खरी मुलगी आहे का? तिच्याकडे शेवटचे कधी गेला होता?

'चालणार नाही' हे वाक्य या प्रश्नाला लागू पडत नव्हतं. काकांनी कुंडी उचलली आणि बाहेर पडले. घरी येईपर्यंत त्यांनी एकाही रिक्षावाल्याला शिवी दिली नाही, यावरून वाचकांनी काय ते ओळखावं.

संध्याकाळी मी काकूंना सगळं रंगवून सांगितलं. काका ती सुकलेली कुंडी भिजवत पाठमोरे बसले होते. काकू हसल्या, मग डोळे पुसून म्हणाल्या, "अहो, तुमची एक कन्या करजणलाही आहे."

"मीनलचं नाव काढू नका."

"मीनलचं नाही हो. गुलाबाची. मागच्या पावसाळ्यात पिशवीतून नेली मी. तिचा तपास तुम्ही एकदाही केला नाहीत."

काका गर्रकन वळले. "मला न विचारता?"

"विचारलं असतं तर तुम्ही काय म्हणाला असता, ते मला पाठ आहे."

काकांनी पाण्याचं भांडं खाली ठेवलं. दिलेल्या प्रत्येक मुलीचा तपास करायचा, हा नियम त्यांचाच. तो मोडायचा कसा? अखेर माझ्याकडे न बघता म्हणाले, "व्याही, उद्या गाडी मोकळी आहे?"

दुसऱ्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून, खिशात कात्री घेऊन काका माझ्या गाडीत बसले. अख्ख्या हायवेभर त्यांचं एकच, "झाडासाठी चाललोय, लक्षात ठेवा. ओट्यावरूनच बघणार. आत पाऊल टाकणार नाही." काकू खिडकीबाहेर बघत "हो" म्हणत होत्या.

दार मीनलने उघडलं. हात कणकेत माखलेले. बापाला बघून ती तशीच उभी राहिली. काकांनी तिच्या खांद्यावरून पलीकडे बघत विचारलं, "झाड कुठंय?"

तिने कणकेचं बोट आतल्या अंगणाकडे दाखवलं, आणि ओट्यावरूनच बघणारे काका उंबरा ओलांडून सरळ आत शिरले.

अंगणाच्या भिंतीलगत, कुंडीत नव्हे, चक्क जमिनीत, काकांची ती वीतभर कन्या उभी होती. ती काकांच्या कमरेला लागत होती! फांद्या वाटेल तिकडे गेलेल्या, एक तर भिंतीवरून शेजाऱ्यांकडे डोकावत होती. आणि फुलं इतकी, की कुठे कापायचं म्हटलं तर जागा सापडू नये. काकूंनी डोळे मिटून घेतले. दुकानातून पंकज धावत आला, सासऱ्याला पाहून चपला उंबऱ्याशीच विसरला आणि झाडाला जणू पाठीशी घालत म्हणाला, "पप्पा, खातर जरा वधारे पडी गयुं. भूल मारी छे, एनी नथी."

खत जरा जास्त पडलं. चूक माझी, तिची नाही.

काकांनी मातीत बोट घातलं. ओल होती. पान उलटून बघितलं. स्वच्छ होतं. मग खिशातून कात्री काढली. मीनल एक पाऊल पुढे आली, "बाबा, नको ना." काकांनी कात्री उघडली, मिटली, परत खिशात टाकली. झाडाकडे बघितलं, मग पहिल्यांदाच मुलीकडे, डोक्यापासून पायापर्यंत. आणि एकदम, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने बोलून गेले,

"बरं झालं इथं आली! माझ्याकडे असती, तर मी हिला वाढूच दिलं नसतं!"