ढोमणेकाकांचं बटण

प्लांटच्या वसाहतीतल्या आमच्या सेक्टरात कुणाचंही ऑपरेशन होवो, पेशंट शुद्धीवर यायच्या आत ढोमणेकाका हजर. हर्निया असो की मूतखडा, त्यांचा प्रश्न एकच: "मळमळ होऊन राहिली का?" नाही म्हटलं की त्यांचा चेहराच पडायचा.

काका प्लांटात क्रेन चालवायचे. पिशवीत कायम लिंबू, आल्याचा तुकडा आणि इलास्टिकची पट्टी. तिला आतून शर्टाचं बटण शिवलेलं. पट्टी मनगटाच्या घडीपासून तीन बोटं वर बांधायची, बटण दोन शिरांच्या मधोमध रुतवायचं. "गोळ्या डॉक्टरले देऊ दे. ओकारी आपल्या हातात आहे." यावर निम्मा मोहल्ला हसायचा. उरलेला निम्मा आपलं ऑपरेशन लपवायचा.

मी हसणाऱ्यांतला. नववीतून शाळा सोडून भंडाऱ्याकडून आलेलो, नुकता प्लांटात खलाशी, म्हणजे क्रेनला खालून इशारे देणारा मदतनीस, लागलेलो. अपेंडिक्स काढल्याचं गावी कळवलंही नव्हतं. जाग आली ती मळमळ घेऊनच. जवळ कुणी नाही, आणि भीती एकच: ओकलो तर टाके उसवतील. डोळे उघडले तर समोर काका. ड्युटीवरून थेट, डोक्यावर हेल्मेट!

"उठू नको बे! लोड असा झटक्यानं उचलतेत का?"

त्यांनी आयाबाईला पलंगाची डोक्याकडची बाजू उचलणारा दांडा फिरवायला लावलं आणि हाताने इशारे सुरू केले. "धीरे... धीरे... बस!" जन्मभर खालच्या खलाशांचे इशारे पाळलेला माणूस, इथं हौस फेडून घेत होता. मग माझ्या मनगटावर पट्टी, नाकाशी लिंबाची साल. "नाकानं घे, तोंडानं सोड. घाई कावून करून राहिला?" वॉर्डातले पेशंट आपापले टाके धरून हसत होते. काका तासभर हलले नाहीत. मी ओकलो नाही.

दवाखान्यातून सुट्टी झाल्यावर पट्टी परत द्यायला त्यांच्या क्वार्टरवर गेलो. भिंतीवर काकूंचा हार घातलेला फोटो. माझ्या तोंडून निघून गेलं, "काका, ही डॉक्टरकी काकूंवर शिकले का?"

"नाही ना. तिचं ऑपरेशन झालं तवा मी वॉर्डाबाहेर उभा होतो. मले ओकारीचा आवाज सहन होत नाही. तिनं दोनदा हाक मारली."

"मग?"

"गेलो नाही."

मी म्हणालो, "पण आता तर सहन होते ना?"

काकांनी पट्टी घ्यायला हात पुढे केला. बाही वर सरकली. त्यांच्या मनगटावर तशीच दुसरी पट्टी होती, आणि बटणाखालची कातडी काळी पडली होती.