सत्तावन्न वर्षे जुनी लाइन

मी आयुष्यात स्वतःच्या मनाने एकही निर्णय घेतलेला नाही, आणि त्याबद्दल मला सरकारकडून पगार मिळतो. लखनौच्या एका संशोधन संस्थेत मी खरेदी विभागाचा अधिकारी आहे. मूळचा कराडचा, जयसिंग घोरपडे. परीक्षानळी घ्यायची असो की पायपुसणं, तीन ठिकाणांहून माहिती मागवायची, तुलनात्मक तक्ता करायचा, कमिटीपुढे ठेवायचा. ठरवते ती कमिटी. (चुकलं तर ती कुणा एकाची चूक नसते. फार सुंदर व्यवस्था आहे.)

त्यामुळे डॉक्टर निगम जेव्हा म्हणाले, "घोरपडे जी, रास्ते तीन हैं, चुनना आपको है," तेव्हा मी नकळत मागे वळून कमिटी कुठे बसलीय का ते बघितलं.

प्रकरण प्रोस्टेटचं होतं. मराठीत तिला पुरःस्थ ग्रंथी म्हणतात हे मला अलीकडेच कळलं. नाव ऐकून वाटतं, कुणी दरबारी मानकरी असावा. माझा मानकरी गेले अकरा महिने फुगत फुगत मूत्रमार्गाच्या दारात ठाण मांडून बसला होता. जाऊन उभं राहावं तर होत नाही, आणि परत येऊन बसावं तर पुन्हा जावंसं वाटतं. लग्नाला गेलो की मी वधूवरांच्या आधी 'पुरुष' अशी पाटी शोधत असे. तपासण्यांत गंभीर काही निघालं नव्हतं. चार महिने गोळ्या घेतल्या. चक्कर आली, धार आली नाही.

आता उपाय तीन होते. पहिला वाफेचा: आतून वाफेचे फवारे मारायचे, की ग्रंथी हळूहळू आकसते. दुसरा क्लिपांचा: खिडकीचा पडदा दोन्हीकडे बांधून ठेवतात तशी ग्रंथी बाजूला ओढून अडकवायची. तिसरा लेसरचा: वाढलेला भाग आतल्या आत सोलून काढायचा. पोटावर चीर कशातच नव्हती. डॉक्टर म्हणाले, घरी बोलून ठरवा.

तिथेच अडलं होतं. घरी, म्हणजे लतिकाला, मी काहीच सांगितलेलं नव्हतं. तीस वर्षांच्या संसारात हा विषय कधी निघाला नव्हता, आणि असा विषय काढायला योग्य वेळ लागते. अकरा महिन्यांत ती मला मिळाली नाही.

मग मी मला येणारी एकमेव गोष्ट केली. दुपारी ऑफिसच्या कॉम्प्युटरवर, सवयीने हिंदीतच, तुलनात्मक तक्ता करायला घेतला. कुणी मागून डोकावलं तर काय, म्हणून अवयवाचं नाव घातलं नाही. विषय लिहिला: 'जुन्या लाइनीतील अडथळा दूर करणे.' सद्यःस्थिती: 'लाइन सत्तावन्न वर्षे जुनी. प्रवाह सुरू होण्यास विलंब. धार क्षीण. वापरानंतर थेंब थेंब गळती. टाकी पूर्ण रिकामी होत नाही.' खाली तीन रकाने: वाफ, क्लिप, लेसर. प्रत्येकात लाइन किती दिवस बंद राहील, टिकेल किती, आजूबाजूला नुकसान काय. खरं सांगतो, इतका नेटका तक्ता मी संस्थेसाठीही कधी केला नव्हता. प्रिंट दिली आणि प्रिंटरपर्यंत जाण्याआधी मला दुसरीकडे जावं लागलं. (का, ते वर आलंच आहे.)

परत आलो तर ट्रेमध्ये कागद नव्हता. वाटलं, प्रिंटर नेहमीसारखा अडकला. संध्याकाळी घरून दुसरी प्रत काढू म्हणून सोडून दिलं.

माझी सहायक देविका अतिशय कामसू मुलगी आहे. प्रिंटरवर पडलेला तक्ता तिने गुरुवारच्या खरेदी कमिटीच्या फाइलला लावला आणि त्याला विषय क्रमांक सात दिला. हे मला गुरुवारी कमिटीतच कळलं, जेव्हा डायरेक्टर मॅडमनी चष्मा वर सरकवला.

"घोरपडे जी, यह सत्तावन साल पुरानी लाइन कहाँ की है? हमारा तो कैंपस ही नया है।"

मी समोरचा कागद बघितला. तो माझाच तक्ता होता.

"मैडम, वह... रेसिडेंशियल साइड की है।"

"आपके क्वार्टर की?"

"जी। एक तरह से।"

मेंटेनन्सचे इंजिनियर रस्तोगीसाहेब पुढे सरकले. पाइप हा त्यांचा प्रांत आणि मी त्यात लुडबुड करतोय, असं त्यांच्या चेहऱ्यावर होतं. "सत्तावन साल पुरानी है तो मरम्मत में पड़िए ही मत। पूरी उखाड़िए, नई डालिए।"

"उखाड़ नहीं सकते," मी म्हणालो.

"क्यों? हेरिटेज है?"

"आसपास और भी चीज़ें हैं।"

"भाप से लाइन खुलेगी?" मॅडमनी विचारलं.

"खुलती है मैडम, डेढ़-दो महीने में।"

"डेढ़ महीना सप्लाई बंद रहेगी?"

"नहीं, पाँच-छह दिन बाईपास लगेगा। बाहर से नली, थैली में निकासी।"

"थैली में?" रस्तोगी म्हणाले. "बाल्टी रख लीजिए।"

हिशेब विभागाचे गृहस्थ एरवी कमिटीत झोपलेले असतात. तेही जागे झाले. त्यांच्या मते क्लिपा लावल्या की गळती वाढते, त्यांच्या सासऱ्यांकडे वाढली होती. चर्चा पंचवीस मिनिटं चालली. इतका वेळ माझ्या प्रकृतीचा विचार आजवर कुणीच केला नव्हता, मीसुद्धा नाही. शेवटची दहा मिनिटं तर मी पायावर पाय घट्ट आवळून बसलो होतो आणि ज्या लाइनीबद्दल चर्चा चालली होती ती आपली बाजू आतून मांडत होती. अखेर ठरलं की रस्तोगींनी शनिवारी जागेवर जाऊन पाहणी करावी आणि अहवाल द्यावा.

शुक्रवारी मी रस्तोगींना तीनदा सांगितलं की राहू द्या, बघतो मी. ते म्हणाले, "तकल्लुफ़ मत कीजिए।" म्हणजे संकोच करू नका. लखनौच्या माणसाला एकदा मदत करायची असली की त्याला थांबवण्याची सोय नाही.

शनिवारी अकराला बेल वाजली तेव्हा मी नेमका बाथरूममध्ये होतो. नेत्राने, म्हणजे आमच्या लेकीने, दार उघडलं. मला आतून सगळं ऐकू येत होतं.

"पापा बाथरूम में हैं अंकल। टाइम लगेगा।"

"कोई बात नहीं बेटा, हमें भी वहीं जाना है," रस्तोगी म्हणाले. त्यांच्याबरोबर एक प्लंबर होता, आणि त्याच्याकडे तुंबलेली लाइन मोकळी करायची लोखंडी स्प्रिंग होती, हे त्या वस्तूच्या खणखणाटावरून मला कळलं. मी कडी पुन्हा एकदा तपासली.

लतिका स्वयंपाकघरातून आली. "भाईसाहब, हमारे यहाँ तो पानी एकदम ठीक आ रहा है।"

"भाभीजी, घोरपडे साहब ने खुद लिखकर दिया है। यह देखिए।"

लतिका वाचताना ओठ हलवते. दाराआडूनही मला तिचे ओठ दिसत होते. लाइन सत्तावन्न वर्षे जुनी. विलंब. धार क्षीण. टाकी रिकामी होत नाही.

कागदाची घडी घातल्याचा आवाज आला.

"भाईसाहब," ती अगदी शांतपणे म्हणाली, "यह लाइन आपसे नहीं होगी। चाय पीजिए।"

चहा झाला, दशहरी आंब्यांच्या फोडी झाल्या, रस्तोगी आणि ती स्प्रिंग गेली. मी आतच. मग दारावर बोटाने टकटक झाली.

"अहो. किती महिने?"

"अकरा."

बाहेरून नुसता नाक ओढल्याचा आवाज आला. मला वाटलं, हसू आवरतेय. मी दार उघडलं तर ती बाहेरच्या वेताच्या मोड्यावर बसून पदराने डोळे पुसत होती.

"महिन्यापूर्वी तुमच्या पँटच्या खिशात लॅबची चिठ्ठी सापडली," ती म्हणाली. "वर 'ट्यूमर मार्कर' छापलेलं. मी रोज वाट बघत होते, आज सांगतील, उद्या सांगतील. तुम्ही सांगत नाही म्हणजे तसलंच काही असणार असं धरून चालले होते मी. विचारायचा धीर होत नव्हता."

"तसलं काही नाहीये. रिपोर्ट चांगला आहे."

"मग मला का नाही सांगितलंत?"

उत्तर होतं, पण ते इतकं फडतूस होतं की तोंडातून निघेना. मला लाज वाटत होती, एवढंच. माझ्या लाजेपायी ती महिनाभर एकटी त्या चिठ्ठीजवळ बसली होती. मी तिच्याशेजारी फरशीवर बसलो. (बसताना गुडघ्यांनी आवाज केला. ती म्हणाली, "त्याचाही करा तक्ता." मग जरा बरं वाटलं.)

सोमवारी आम्ही दोघं डॉक्टर निगमांकडे गेलो. लतिकाने पहिल्याच मिनिटाला जे विचारलं ते मला चार भेटींत विचारता आलं नव्हतं. ह्यांच्या ग्रंथीला यातलं काय लागू पडेल? घरी कधी आणायचं? पुन्हा करावं लागेल का? आणि डॉक्टरांच्या डोळ्यांत बघत, नवराबायको म्हणून पुढे काही फरक पडेल का? मी भिंतीवरच्या मूत्रपिंडाच्या चित्राकडे टक लावून बघत राहिलो.

डॉक्टरांनी चित्र काढून समजावलं. माझा मधला भाग फुगलेला, तिथे क्लिपांचा फारसा उपयोग नाही. लेसरने लगेच मोकळं होईल, पण तिच्या शेवटच्या प्रश्नाच्या बाबतीत फरक पडण्याची शक्यता जास्त. वाफेत ती कमी, फक्त गुण यायला वेळ लागेल.

"वेळ आहे आम्हाला," लतिका मराठीतच म्हणाली, आणि निगम समजले. ठरायला चार मिनिटं लागली.

वाफेचं काम थोडक्यात उरकलं. नंतरचे पाच दिवस नळी आणि थैली घेऊन मी घरात फिरलो. थैलीला नेत्राने पिशवी शिवली, चिकनकारीची, अमीनाबादच्या बाजारातून कापड आणून. "पापा, स्टाइल में रहिए," म्हणाली. दोन आठवडे जळजळ, मग हळूहळू सुधारणा, आणि सातव्या आठवड्यात अशी धार लागली की मला कुणालातरी बोलावून दाखवावंसं वाटलं.

ऑफिसात मात्र विषय क्रमांक सात बंद करावा लागला, कारण देविकाच्या मते अजेंड्यावर आलेला विषय आपोआप नाहीसा होत नाही. मी टिपण दिलं: 'काम वाफेच्या पद्धतीने पूर्ण. प्रवाह समाधानकारक. देखभाल कुटुंबाकडे.' मॅडमनी सही केली.

परवा सकाळी चहा घेताना मी लतिकाला जरा ऐटीत म्हणालो, "काल दहाला आडवा झालो तो थेट सहाला उठलो. मध्ये एकदाही नाही."

"माहीत आहे," ती म्हणाली. तिचे डोळे तारवटलेले होते.

"तुला कसं माहीत?"

"तुम्ही घोरता. आधी दर दोन तासांनी उठायचात, तेवढ्यात मी झोप उरकून घ्यायचे." तिने कप खाली ठेवला आणि फोन जवळ ओढला. "निगम डॉक्टरांना विचारते, ती ग्रंथी थोडीशी परत फुगवता येते का."