सव्वापट भार

माणसाला एका जागेवरून दुसऱ्या जागी सुखरूप कसं न्यावं, हे आपल्याला या वयात कुणी शिकवायची गरज नाही, असं लिफ्टसाहेबांनी शुक्रवारी सकाळी चहा पिता पिता जाहीर केलं. त्यांचं म्हणणं अगदीच पोकळ नव्हतं. एकतीस वर्षं त्यांनी लिफ्ट निरीक्षक म्हणून काढली होती, आणि त्यांनी सही केलेल्या एकाही लिफ्टने कुणाला दगा दिला नव्हता. फक्त एक बारीकशी गोष्ट त्यांच्या लक्षात आली नव्हती. ही सगळी माणसं त्यांनी वर नेली होती किंवा खाली आणली होती. कुणाला आडवं नेण्याचा त्यांना काडीचाही अनुभव नव्हता.

प्रश्न नातीचा होता. वय चौदा महिने, वजन नऊ किलो. पाळण्यात तिचं नाव काहीतरी छान, चार अक्षरी ठेवलं होतं, पण घरात सगळे तिला ठिणगी म्हणत. का म्हणत, हे तिच्याबरोबर पाच मिनिटं काढली की कुणालाही कळत असे. ठिणगीची आई, म्हणजे लिफ्टसाहेबांची एकुलती एक मुलगी, इस्पितळात नर्स होती. तिची रजा संपून सोमवारपासून सकाळची पाळी सुरू होणार होती. तेवढा वेळ ठिणगीने राहायचं एक तर आजी-आजोबांकडे, नाही तर पाळणाघरात. पाळणाघरवाल्या बाईंनी एक जागा रविवार संध्याकाळपर्यंत धरून ठेवली होती.

आता अडचण अशी, की ठिणगी सकाळची झोपायची ती फक्त बाहेर मोकळ्या हवेत, आणि तेही कुणी फिरवत असलं तरच. आणि लिफ्टसाहेबांचं घर होतं टेकाडाच्या माथ्यावर. फाटकापासून खालच्या डांबरी रस्त्यापर्यंत दीडशे पावलांचा कच्चा उतार, त्यात दगड, चर आणि सुटी खडी. ठिणगीची जुनी चार चाकांची बाबागाडी पहिल्याच चरात असा काही रुसवा धरून बसली, की तिला उचलूनच घरी आणावं लागलं होतं.

"बाबा, कच्च्या रस्त्यासाठी तीन मोठ्या चाकांची गाडी मिळते," मुलगी फोनवर म्हणाली. "तशी बघा. रविवारी येऊन मी स्वतः पाहीन. पटलं तर ठिणगी तुमच्याकडे. नाही पटलं तर पाळणाघर, आणि मग तुम्ही तोंड पाडून बसायचं नाही."

"न पटायला काय झालंय?" साहेब म्हणाले. फोन ठेवून ते बराच वेळ खिडकीशी उभे राहिले. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती. या दोन वर्षांत तापत ठेवलेल्या दुधापलीकडे कुणी त्यांच्यावर काही सोपवलं नव्हतं, आणि दूधही दोनदा उतू गेलं होतं. त्यांना ठिणगी हवी होती. फार हवी होती.

दुकानदाराने तीन गाड्या पुढे ओढल्या. साहेबांनी गुडघे टेकून तिन्हींच्या पोटाखाली पाहिलं.

"दोर तुटला तर काय होतं?"

"साहेब, हिला दोर नसतो."

"बरं. तपासणीचा दाखला?"

"वॉरंटीचं कार्ड आहे ना."

साहेबांनी त्याच्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. शेवटी त्यांनी काळी गाडी निवडली. हवा भरलेली तीन मोठी चाकं, खाली स्प्रिंगा, पायाने दाबायचा ब्रेक आणि मनगटात अडकवायचा पट्टा. दुकानदार बोलतच होता, "आणि साहेब, पुढचं चाक दुकानाबिकानात गोल फिरतं. कच्च्या रस्त्यावर मात्र ही खिट्टी दाबून ते सरळ ठेवायचं, नाही तर..." पण साहेबांचं सगळं लक्ष ब्रेककडे. दिशा ही गोष्ट त्यांच्या नोकरीत कधी आलीच नव्हती. लिफ्ट जाऊन जाऊन जाणार कुठे?

"पसंत पडली नाही तर?"

"सात दिवसांत परत. फक्त चाकांना माती लागलेली नसावी."

"कच्च्या रस्त्याची गाडी, आणि माती लागायची नाही?"

"नियम आहे, साहेब."

नियम म्हटल्यावर साहेबांनी पैसे मोजले. आयुष्यभर त्यांनी हेच वाक्य दुसऱ्यांना ऐकवलं होतं.

घरी येताच त्यांनी तपासणीची तयारी सुरू केली. लिफ्टची चाचणी नेमलेल्या भारावर करून भागत नाही. सव्वापट भार घालून करावी लागते. ठिणगी नऊ किलोची, म्हणजे सव्वापट ठिणगी सव्वाअकरा किलोची. तेवढी वाळू त्यांनी वजनकाट्यावर मोजून एका पोत्यात भरली आणि पोतं गाडीत बसवलं. पण पोत्याला खांदे नसतात. पट्टे घसरायला लागले. मग साहेबांनी ठिणगीचं लहान झालेलं लाल जाकीट काढलं, बाह्यांमध्ये वाळू भरलेले दोन मोजे कोंबले, आणि पोत्याचं तोंड सारखं सुटत होतं म्हणून त्यावर आजीने विणलेली पिवळी टोपी चढवून कानांखाली गाठ मारली.

आजी दारात उभी राहून हे सगळं पाहत होती. "आता नाक-डोळेही काढा," ती म्हणाली.

"त्यांना वजन नसतं," साहेब म्हणाले आणि वही शोधायला गेले.

शनिवारी सकाळी चाचणीला प्रारंभ झाला. गाडीच्या दांड्याला पाण्याचा पेला बांधून साहेबांनी दगडांवरून पन्नास पावलं नेली. पाणी सांडलं तीन चमचे. 'धक्के माफक,' असं त्यांनी वहीत लिहिलं. पायाचा ब्रेक दाबून गाडी ढकलून पाहिली. 'पकड उत्तम.' मग आली शेवटची आणि मुख्य चाचणी.

लिफ्टचा ब्रेक वीज असेपर्यंतच उघडा राहतो. वीज गेली की तो आपोआप आवळतो. माणूस विसरला तरी यंत्र विसरत नाही, या एका गोष्टीवर लिफ्टसाहेबांची सगळी श्रद्धा होती, आणि माणसं वाहणाऱ्या कुठल्याही प्रामाणिक वाहनात ही सोय असणारच, असं ते धरून चालले होते. म्हणजे हात सुटला की गाडी थांबणार. खात्री करून घ्यायची, एवढंच. मनगटाचा पट्टा त्यांनी मुद्दाम काढला, कारण पट्टा असताना चाचणी ग्राह्य धरता आली नसती. मग एका हातात वेळ मोजायचं घड्याळ आणि वही, दुसऱ्या हातात पेन धरून ते दोन पावलं मागे सरकले.

गाडी जागच्या जागी थांबली. साहेबांनी समाधानाने 'थांबते' असं लिहिलं. वास्तविक पुढच्या चाकाखाली एक खडा होता. 'थांबते' या शब्दापुढे पूर्णविराम पडेपर्यंत खड्याने दम काढला, मग तो सरकला, आणि गाडी निघाली.

साहेब धावले नाहीत. लिफ्टमागे धावायची पद्धत नसते. गाडी खाली जाताना पाहून त्यांनी सवयीने घड्याळाचं बटण दाबलं. खिट्टी न लावलेलं पुढचं चाक वेड लागल्यासारखं फिरत होतं. त्यामुळे गाडी आधी डावीकडे गेली, मग उजवीकडे, एका चरावरून तिने उडी घेतली आणि उताराच्या तळाशी असलेल्या चष्म्याच्या दुकानाचा रोख धरला.

दुकानात तेव्हा चष्मेवाला एका बाईंचे डोळे तपासत होता. माणसाने एरवी काहीतरी चुकीचं पाहिलं असेल असं म्हणता येतं, पण चष्मेवाल्याच्या साक्षीला आव्हान कोण देणार? त्याने काचेतून पाहिलं. पिवळ्या टोपीतलं एक मूल एकटंच उतारावरून भरधाव येतंय, आणि वर त्याचे आजोबा शांतपणे वहीत काहीतरी लिहितायत. त्याने आधी फोन उचलला. ठिणगीच्या आईचा चष्मा त्यानेच बनवला होता, नंबर त्याच्याकडे होता. तपासायला बसलेल्या बाई मात्र नाकावरची भिंगांची जड चौकट तशीच ठेवून बाहेर धावल्या. लहान मूल पाहून त्यांना बसवलंच नसतं. त्या पाळणाघर चालवत.

गाडी दुकानासमोरच्या खडीच्या ढिगात घुसून उभी राहिली. बाईंनी पट्टे सोडले, मुलाला छातीशी घेतलं, आणि "अगं बाई, किती जड झालीय!" म्हणेपर्यंत लाल बाहीतला हात त्यांच्या हातात निघून आला. त्या मटकन खडीवर बसल्या. बाहीतून वाळू गळत होती.

तेवढ्यात साहेब झपाझप चालत पोहोचले. "हलवू नका," ते म्हणाले, "पट्टे टिकले का, ते लिहायचं राहिलंय."

"मुलगी..." बाईंनी हातात आलेला मोजा पुढे केला.

"मुलगी नाही. सव्वा मुलगी आहे," साहेबांनी खुलासा केला. त्याने परिस्थिती सुधारली नाही.

चष्मेवाल्याने दारातूनच फोन पुढे केला. "तुमच्या मुलीशी बोला."

"बाबा," पलीकडून मुलगी म्हणाली. मागे कुणीतरी ताटलीवर चमचा बडवत होतं. "ठिणगी माझ्या मांडीवर आहे. तुमच्याकडे कोण आहे?"

"पोतं."

"पिवळ्या टोपीत?"

"पट्टे खांद्यावर बसेनात गं."

मुलीने आवाज चढवला नाही. नर्स असल्यामुळे तिला आरडाओरडा करायची सवय नव्हती, आणि साहेबांना तेच जास्त जड जात असे.

"चष्मेवाले म्हणाले, तुम्ही लिहीत होतात. धावला नाहीत."

"पोत्यामागे कोण धावतं?"

"तेच तर," मुलगी म्हणाली. "धावायचं कधी, हे ठरवायला तुम्हाला आधी वही लागते. मी उद्या येते. पाळणाघरवाल्या बाई कुठे दिसल्या, तर सांगा, जागा सोडू नका म्हणावं."

साहेब सरळमार्गी माणूस. त्यांनी निरोप जिथल्या तिथे दिला. "जागा धरून ठेवा, असं म्हणतेय."

"धरलीय," बाई म्हणाल्या. वाळूचा मोजाही त्यांनी अजून धरलेलाच होता.

त्या दिवशी साहेब जेवले नाहीत. दुपारभर बसून त्यांनी गाडीसोबत आलेलं माहितीपत्रक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलं. खिट्टी सापडली. गाडीचा ब्रेक आपोआप लागत नाही, हेही सहाव्या पानावर स्वच्छ छापलेलं होतं. त्यांनी पोतं शिवलं, हात परत बसवले, चाकांची माती पुसली आणि ती गेली नाही म्हणून पुन्हा पुसली. "ती हो म्हणणार नाही," ते आजीला म्हणाले. आजीने नुसतंच त्यांच्यापुढे ताट सरकवलं.

रविवारी मुलगी आली. साहेबांनी खिट्टी दाबून दाखवली, मनगटाचा पट्टा दाखवला, ब्रेक तीनदा लावून काढून दाखवला. वहीला हात लावला नाही. मग ठिणगीला गाडीत बसवायची वेळ आली आणि ठिणगी कमानीसारखी ताठ झाली. आजीने प्रयत्न केला, आईने केला. पट्ट्यात एक पाय अडकवला की दुसरा बाहेर. रडताना ती कोपऱ्यातल्या पोत्याकडे बोट दाखवत होती.

"तिला ते हवंय," आजी म्हणाली.

पोतं ठिणगीजवळ दिलं. तिने ते नाकारलं. पोतं गाडीत बसवलं, तशी ती हसली. गाडी कुणाची, याबद्दल तिच्या मनात काडीइतकी शंका नव्हती.

"चला, एक फेरी तर मारू," मुलगी थकून म्हणाली. साहेबांनी ठिणगीला कडेवर घेतलं आणि एका हाताने गाडी ढकलत उतार धरला. मुलगी मागून येत होती. पट्टा मनगटात अडकवायला दुसरा हात मोकळाच नव्हता.

निम्म्या उतारावर, चराच्या काठाशी, साहेबांच्या पायाखालची खडी सरकली.

पुढचं सगळं एका श्वासात झालं. गाडी सुटली. साहेबांनी दोन्ही हातांनी ठिणगीला आवळलं, अंग मागे टाकलं आणि ते धप्पकन मातीत बसले. गाडी पोत्याला घेऊन, या वेळी नाकासमोर सरळ, खाली खडीच्या ढिगात जाऊन आदळली. चष्मेवाला दारात आला, त्याने पाहिलं आणि तो शांतपणे आत निघून गेला. साहेबांनी तिकडे पाहिलंसुद्धा नाही. ते ठिणगीची टोपी सरकवून तिचं डोकं चाचपत होते, मग कोपर, मग गुडघे, मग पुन्हा डोकं. ठिणगीला हा प्रकार एकूण आवडला असावा, कारण तिने त्यांच्या मांडीवर बसल्या बसल्या उड्या मारून तो पुन्हा करायची मागणी केली.

मुलगी वर उभी राहून पाहत होती. ती खाली आली, दोघांना उठवलं, आणि मग बाजूला जाऊन तिने पाळणाघरवाल्या बाईंना एक फोन केला. फोन झाल्यावर म्हणाली, "बाबा, तुमची वही द्या."

"आणलेली नाही."

"पेन?"

पेन होतं. पेन ते झोपतानाही खिशात ठेवत. मुलीने आपल्या पिशवीतला इस्पितळाचा एक कागद काढला, त्यावर चार ओळी लिहिल्या आणि तो साहेबांच्या हातात दिला. साहेबांनी चष्मा पुसून वाचलं.

'आजोबा, एक. नेमलेला भार: नात, नऊ किलो. हात सुटल्यास ब्रेक आपोआप लागतो. वापरण्यास योग्य.' खाली तारीख आणि सही.

साहेबांनी कागद दोनदा वाचला. तो नीट घडी घालून खिशात ठेवला, पण एकतीस वर्षांची सवय अशी सुटत नाही.

"सव्वापट भारावर चाचणी झालेली नाही," ते म्हणाले.

"सहा महिन्यांत ती सव्वापट होईल," मुलगी म्हणाली. "तेव्हा करू."

सोमवारपासून रोज सकाळी ठरल्या वेळी लिफ्टसाहेब त्या उतारावरून खाली जातात आणि वर येतात. नात कडेवर झोपलेली असते. पुढे, पट्टे बांधून, खिट्टी लावून, एकही धक्का न लागता पोतं जातं. गाडी खरंच उत्तम आहे. साहेबांची कंबर तेवढी धरलीय, पण त्याची नोंद त्यांनी कुठेही केलेली नाही. सहा महिन्यांनी पुन्हा तपासणी आहे.